रोडची बाइक ट्रॅकला करायची की तयार ट्रॅक बाइक घ्यायची? बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या नव्या पोरांसाठी

चोर्ला घाटात रविवारी सकाळी वळणावर गुडघा टेकवायला बघणारी पोरं बेळगावात कमी नाहीत, आणि त्यातली जी जरा शहाणी असतात ती कधी ना कधी विचारतातच, की रेस ट्रॅकवर जायचं तर आहे हीच बाइक तयार करायची का वेगळी ट्रॅक बाइक घ्यायची. यूट्यूबवर उत्तरं ढीगभर आहेत, पण ती बहुतेक बेंगळुरू, चेन्नई, कोइमतूरवाल्यांची, ज्यांना पहाटे उठून निघालं की नाश्त्यापर्यंत ट्रॅक गाठता येतोय. आपलं तसं नाही की ओ. म्हणून हे सगळं इकडच्या हिशोबानं लिहितोय.

तर आधी अंतर बघा, कारण बाकीचा सगळा निर्णय तिथंच होतोय. बाइकसाठी धड म्हणावेत असे ट्रॅक दक्षिणेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, १९९० पासूनचा, साधारण ३.७ किलोमीटर लांब. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर, लहान बाइकला एकदम मजेचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे, २०२३ ला तिथं मोटोजीपीची जागतिक रेस पण झाली, पण तो मोठ्या बाइकांचा खेळ, यामाहाच्या आर-१५ सारखी लहान बाइक घेऊन गेलात तर तिथल्या सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण पिळून नुसतं बसून राहावं लागंल. गंमत म्हणजे आपल्या दारातला एनएच-४८ च पुढं हुबळी, बेंगळुरू करत श्रीपेरुंबुदूरला, म्हणजे चेन्नईच्या ट्रॅकच्या जवळ जातोय, वळायचंच नाही, पण आहे आठशे किलोमीटरच्या वर. कोइमतूर पण तेवढंच, जरा जास्तच. जवळ म्हणाल तर कोल्हापूरला मोहितेंचा ट्रॅक आहे, पण तो मुळात कार्टिंगचा, बाइकला कधी आणि कशी परवानगी देतात ते फोनवर विचारूनच घर सोडा.

आता विचार करा, आठशे किलोमीटर चालवत जायचं, दिवसभर ट्रॅकवर पिळायची आणि तिसऱ्या दिवशी चालवत परत, ऑफिसला सोमवारी हजर. अंगात दम असला तर होतंय तेही. पण ट्रॅकवर पडलात, हँडल वाकलं, गिअर लिव्हर तुटला, तर काय? ट्रॅकवर पडणं म्हणजे अपघात नसतोय, तो शिकण्याचाच भाग, आज ना उद्या प्रत्येकजण पडतोय. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: जी बाइक सोमवारी तुम्हाला कामावर न्यायची आहे, आणि विशेष करून जिचा ईएमआय अजून चालू आहे, ती ट्रॅकला कन्व्हर्ट करू नका. कितीही मोह झाला तरी.

पहिलं काम: काहीच विकत घेऊ नका

होय, खरंच. चेन्नई-कोइमतूरकडं रेसिंग अकॅडम्या आहेत, तिथं बाइक, लेदर सूट, बूट, हेल्मेट सगळं भाड्यानं मिळतंय, आणि शिकवायला माणूस पण असतोय. रात्रीची बस धरून बेंगळुरू, तिथनं पुढं, असं नुसतं अंगावरच्या कपड्यांनिशी जाऊन एक-दोन दिवस करून या. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल पण चेन्नईच्या ट्रॅकवर भरत आलंय, पण ते सुरुवातीलाच करायची गरज नाही, खर्चिक आहे. भाड्याच्या बाइकवर एक दिवस काढला की दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे आपल्याला हे खरंच आवडतंय का नुसतं फोटो पाहिजे होता, आणि दुसरं, लहान बाइक किती पुरती. घाटात आर-१५ कमी पडती म्हणणारा माणूस ट्रॅकवर त्याच आर-१५ वर पंधरा मिनिटांत दमून बाहेर येतोय.

तारखेचं पण एक बघा. आपल्याकडं पाऊस जून ते सप्टेंबर, खानापूरकडं तर विचारूच नका, पण चेन्नईत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिल-मेमध्ये तिथं लेदर घालून उभं राहणं पण शिक्षा. त्यामुळं जानेवारी ते मार्च चांगला, आणि आपल्याकडं धो-धो चालू असतंय त्या जुलै-ऑगस्टमध्ये पण जाता येतंय.

तयार ट्रॅक बाइक घ्यायची झाली तर

शोरूममधनं नवी ट्रॅक बाइक आणायचा प्रकार आपल्या बजेटमध्ये इथं जवळपास नाहीच. इथं ट्रॅक बाइक म्हणजे कुणीतरी आधीच सोलून, म्हणजे रस्त्याचं सामान काढून, फायबरची बॉडी घालून, दोन-चार सीझन पळवलेली आर-१५, केटीएम आरसी ३९०, आरसी २००, अपाचे आरआर ३१०, नाहीतर जुनी निंजा ३००. यात मोठा फायदा हा, की त्या माणसानं रिअरसेट (मागं-वर सरकवलेले फूटरेस्ट), स्टील ब्रेडेड ब्रेक लाइन (स्टीलच्या जाळीची ब्रेकची नळी), स्लायडर (पडल्यावर बाइक वाचवणारे गुटके), पॅडॉक स्टँड (चाक उचलून बाइक उभी करायचा स्टँड), जादा स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) यावर घातलेला पैसा विकताना त्याला पूर्ण मिळत नसतोय. तेच सगळं तुम्ही सुटं घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. त्यामुळं हिशोबानं बघितलं तर चांगली तयार बाइक जवळपास नेहमीच स्वस्त पडती. अडचण "चांगली" या शब्दात आहे.

विकणारा सांगणारच, "एकदाच पडलीय ओ, ते पण स्लो स्पीडला." पडलेली असणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कशी पडलीय ते बघा. पॅडॉक स्टँडवर बाइक लावा, पुढचं चाक जमिनीवरनं उचला, आणि हँडल डावीकडं शेवटपर्यंत, मग उजवीकडं शेवटपर्यंत फिरवा. जिथं हँडल जाऊन टेकतंय तिथं, स्टेअरिंगच्या गळ्यापाशी, फ्रेमवर छोटे स्टॉपर असतात. मोबाइलचा टॉर्च मारून ते बघा. रंग जरासा उडालाय, ठीक. पण स्टॉपर चेपलाय, एका बाजूचा चपटा झालाय, किंवा गळ्याच्या वेल्डिंगजवळ रंगाला बारीक केसासारखी रेघ गेलीय, तर ती बाइक गडबडा लोळून आलेली आहे, फ्रेमवर मार आहे, नमस्कार करून निघायचं, कितीही स्वस्त असू दे. हँडल सरळ पुढं धरून हळूहळू फिरवताना मध्येच खट्ट करून अडकतंय का ते पण बघा, तसं असलं तर कोनसेट, म्हणजे स्टेअरिंगचे बेअरिंग, गेलाय, तो मात्र बदलता येतोय, त्यावर भाव पाडायचा.

मग चाकं फिरवून रिम वाकलीय का, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळ्यांवर ओरखडे किंवा ऑइलचा ओला गोल, इंजिन कव्हरवर वेल्डिंग किंवा एमसीलचा ठिगळ, हे भराभर बघून घ्या. गिअर दुसऱ्यातनं सुटतोय का ते चालवूनच कळतंय. इंजिनाची खात्री पाहिजे तर कम्प्रेशन टेस्ट (इंजिनातला दाब मोजणं) मागा, गेज काही फार महाग वस्तू नाही, नाही म्हणणाऱ्याकडं नाही म्हणायचं काहीतरी कारण असतंय. ट्रॅक बाइकच्या किलोमीटरवर जाऊ नका, बऱ्याच वेळा मीटरच काढून टाकलेला असतोय. ऑइल किती सेशननं, म्हणजे किती वेळा ट्रॅकवर उतरल्यावर, बदलत होता ते विचारा, आणि उत्तर देताना तो विचारात पडला तर समजून जा.

कागदपत्रं, आणि आपली बॉर्डरची भानगड

इकडं ही जागा जरा नाजूक. आपल्याला बाइक सापडणार कोल्हापूर, पुणे, गोवा नाहीतर बेंगळुरूला. बेंगळुरूची असली तर केए पासिंग, सोपं, आणि कन्नड येत असलं तर भाव करायला पण बरं पडतंय. एमएच-०९ ची घेतली आणि ती कधीतरी रस्त्यावर पण वापरायची इच्छा असली, तर कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि वर इकडं कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. दुसऱ्या राज्याची गाडी इकडं १२ महिन्यांच्या वर ठेवली की नवीन पासिंग करावंच लागतंय. जुन्या ट्रॅक बाइकला एवढा सोपस्कार करणं बहुतेकदा परवडत नाही.

नुसती ट्रॅकलाच वापरणार असाल तरी "कागद नाहीत पण बाइक एक नंबर" असल्या भानगडीत पडू नका. आरसीवरचा चॅसिस नंबर फ्रेमवरच्या नंबराशी स्वतः, अक्षर-अक्षर जुळवून बघा, वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर नाव आणि हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, तपासा, कर्ज बाकी असलेली बाइक ट्रॅक बाइक म्हणून खपवणारे पण आहेत. पासिंग रीतसर रद्द केलेली असली तर त्या रद्द केल्याचा कागद घ्या, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचं स्वप्न सोडून द्या. विक्रीची पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, आरसी, हे सगळं पिकअपमध्ये ठेवा, बॉर्डरवरच्या कोगनोळी नाक्यावर मागं बिननंबरची, हेडलाइट नसलेली बाइक दिसली की कुणीतरी थांबवून विचारणार आणि विचारलंच पाहिजे.

इन्शुरन्सचं एका वाक्यात: आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बाहेर काढलेलं असतंय, ट्रॅकवर फुटलेली बाइक क्लेममध्ये बसवायला जाऊ नका.

कन्व्हर्ट करायचीच असली तर

मग घरात पडून असलेली दुसरी बाइक, किंवा स्वस्तात मिळालेली जुनी. माझी निवड डोळे झाकून आर-१५, व्हर्जन दोन किंवा तीन. डेल्टाबॉक्स फ्रेम चांगली, पार्ट बेळगावात मिळतात, प्रत्येक मेकॅनिकला माहीत, आणि पडली तर रडू येत नाही. आरसी ३९० जोरात आहे, पण टायर, ब्रेक पॅड, चेन सगळं जास्त खाती आणि नव्या माणसाला थ्रॉटलवर विसंबायची सवय लावती. अजून एक, १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये असले बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा एकदा सोलली की ती पिकअपवरच फिरणार हे धरून चाला.

सुरुवात जे आहे ते धड करण्यापासनं. कोनसेट, चाकांचे बेअरिंग, फोर्क सील, चेन-स्प्रॉकेट, क्लच केबल. यातलं जे पन्नास टक्के गेलंय ते पूर्ण गेलंय असं समजून बदला. ब्रेक फ्लुइड नवीन डॉट ४, पूर्ण फ्लश करून, कारण जुन्या फ्लुइडमध्ये ओलावा शिरलेला असतोय, रस्त्यावर तो कळत नाही, ट्रॅकवर चार लॅपनंतर लिव्हर हँडलला टेकतोय तेव्हा कळतोय. पॅड चांगल्यातले टाका. स्टील ब्रेडेड लाइन जमली तर आत्ताच.

मग सोलायचं. आरसे, इंडिकेटर, साडी गार्ड, मागचे फूटरेस्ट, ग्रॅब रेल, हॉर्न, साइड स्टँड. साइड स्टँड काढायच्या आधी त्याचा स्विच बघा, बऱ्याच नव्या बाइकांना स्टँड खाली आहे असं वाटलं की इंजिन बंद पडतंय, तो स्विच तसाच लोंबकळत ठेवलात तर बाइक सुरू का होईना म्हणून दिवसभर डोकं धराल. नंबर प्लेट काढताना पण डोकं वापरा, एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेटचं, स्नॅप लॉक एकदा तुटलं की संपलं, त्यामुळं प्लेटला हात न लावता ती ज्या ब्रॅकेटवर आहे तो मागचा अख्खा ब्रॅकेटच बोल्ट काढून उतरवा आणि तसाच माळ्यावर ठेवा. काढलेला प्रत्येक पार्ट, बोल्टसकट, पिशवीत घालून वर मार्करनं नाव लिहून ठेवा. बाइक कधी विकायची वेळ आली तर त्या पोत्याला पण किंमत येती.

आता ऑइल. ट्रॅकवर स्वतः पडलात तर तुमचं नुकसान, पण तुमचं ऑइल सांडलं तर मागच्या दहाजणांचं. म्हणून ड्रेन बोल्ट, ऑइल फिलर कॅप, फिल्टर कव्हरचा बोल्ट, यांना सेफ्टी वायर मारतात. रेसमध्ये हे लागतंयच, ट्रॅक डेला, म्हणजे रेस नसताना पैसे भरून चालवायच्या दिवसाला, सगळीकडं मागत नाहीत, पण मी म्हणेन मारा. बोल्टच्या षटकोनी डोक्याला आरपार बारीक भोक पाडायचं, दीड एमएमचं, एका फळीतनं घुसून शेजारच्या फळीतनं बाहेर, कोपरा कापत. घरी हँड ड्रिलनं करायला गेलात तर ड्रिल बिट मोडणार, एक नाही दोन-तीन. आणि इथं बेळगावची मजा आहे बघा. उद्यमबागेत जावा, तिथं मोठ्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपांच्या मधी-मधी एक-दोन लेथवाली छोटी वर्कशॉपं आहेत, तिथल्या एखाद्या मामांना जेवणाच्या सुट्टीच्या आधी बोल्ट नेऊन द्या, "मामा, हेच्यातनं तार जायला पाहिजे," एवढं सांगितलं की ते पंच मारून, व्हाइसमध्ये धरून, कटिंग ऑइल टाकत बघता-बघता करून देतात. वायर स्टेनलेसची, पीळ घालून, आणि ओढ अशी पाहिजे की बोल्ट ढिला व्हायला लागला तर वायर ताणली जाईल. उलटी मारली तर ती नुसती शोभेची. स्लायडरचे बुश, रिअरसेटच्या अल्युमिनियमच्या प्लेटी, पॅडॉक स्टँड अडकवायचे स्पूल, हे पण तिथंच नमुना दाखवून करून घेता येतंय. 

कूलंटचं पण असंच. साध्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असतंय, ते सांडलं की तेलासारखं निसरडं राहतंय आणि पाण्यागत वाळत नाही. म्हणून ट्रॅकला जाताना ते काढून डिस्टिल्ड वॉटर भरतात, वाटलं तर गंज न धरणारं ॲडिटिव्ह घालून. आपल्याकडं पाणी गोठायची भीती नाहीच. घरी आल्यावर मात्र कूलंट परत भरा.

फायबरची बॉडी पहिल्या दिवसाला नको. ओरिजिनल बॉडी काढून ठेवायची आणि फायबर चढवायची हे बरोबर, पण आधी स्लायडर आणि इंजिन केस कव्हर. पडल्यावर बॉडी फुटली तर चिकटपट्टी लावून पुन्हा जाता येतंय, क्लच कव्हरला भोक पडलं की दिवस संपला.

टायर हा खरा खर्च आणि खरा फरक पण. आर-१५ व्हर्जन तीनला पुढं १००/८०-१७, मागं १४०/७०-१७, तीच साइज ठेवा, मागं जाड टायर घालायचं वेड डोक्यातनं काढा, बाइक वळायची बंद होती. चांगला सॉफ्ट कंपाउंडचा रोड टायर नवशिक्याला भरपूर झाला. रेसचे स्लिक (बिननक्षीचे) टायर वॉर्मरशिवाय (टायर तापवायचं कव्हर) गार असताना धोकादायक, तिकडं बघूच नका. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असती, २३२१ असलं तर २०२१ चा तेविसावा आठवडा, दुकानदार जुना माल गळ्यात मारत असला तर तिथंच कळतंय. हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी, किती ते टायर कंपनीच्या आकड्यावरनं ठरवा, आणि सेशनवरनं आल्या-आल्या गरम टायरची मोजून वहीत लिहा.

सस्पेन्शनला तुमच्या वजनाप्रमाणं प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) लावा, तुम्ही बसल्यावर बाइक ३० ते ३५ एमएम दबली पाहिजे, बस. गिअरिंग लहान करायचं असलं तर पुढचा स्प्रॉकेट एक दातानं कमी करा, मागं तीन दात वाढवल्यासारखं होतंय आणि स्वस्तात. सायलेन्सर, एअर फिल्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे सगळ्यात शेवटी, आणि सगळे सुरुवात तिथनंच करतात. आवाज वाढला म्हणून लॅप टाइम कमी झालेला कुणी बघितलेला नाही.

अंगावरचं सामान कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी लागणारच आहे: लेदर सूट, मनगट झाकणारे ग्लव्ह्ज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, बॅक प्रोटेक्टर, डबल डी रिंगचं (पट्टा दोन कड्यांतनं ओवायचं) फुल फेस हेल्मेट. हे सगळं मिळून जुन्या आर-१५ च्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातंय, म्हणून बाइकचं बजेट काढताना हे आधी वजा करा. बाइक सेकंडहँड चालती, हेल्मेट नाही.

न्यायची कशी

छोटा हत्ती एका बाइकला पुरतोय, पण एवढ्या लांबला बोलेरो पिकअप बरा, दोन-तीन बाइका बसतात आणि भाडं वाटून जातंय, म्हणून आधी दोघं-तिघं गोळा करा. रॅचेट पट्टे हँडलच्या टोकाला कधीच बांधू नका, खालच्या ट्रिपल क्लॅम्पला, म्हणजे दोन्ही फोर्क धरणाऱ्या पट्टीला, बांधा, फोर्क अर्धे दबतील एवढे ओढा, पुढचं चाक डाल्याला टेकवून मध्ये जुना टायर घाला. तवंदी घाट लागण्याआधी, म्हणजे कोल्हापूरकडनं किंवा कोल्हापूरकडं जात असाल तर, आणि नाहीतर धारवाडला चहाला थांबलात की एकदा पट्टे ओढून बघा, पहिल्या तासात ते ढिले होतातच.

तिथं पोचल्यावर सकाळी बाइक तपासतात, मग ब्रीफिंग, मग ग्रुपप्रमाणं पंधरा-वीस मिनिटांची सेशन. ब्रीफिंगमध्ये झेंडे नीट ऐका, पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटला, म्हणजे ट्रॅकशेजारच्या बाइक उभी करायच्या जागेत, या, काळा तुम्हाला दाखवला तर तुमच्या बाइकचं किंवा तुमचं काहीतरी चुकतंय. सगळ्यात स्लो ग्रुपमध्ये नाव घाला, लाज वाटायचं काही कारण नाही. पहिल्या सेशनला ब्रेक मार्कर (ब्रेक कुठं मारायचा त्याची खूण), वळणाचा शिरायचा आणि बाहेर पडायचा पॉइंट एवढंच बघायचं. पाणी सारखं पीत राहा, दुपारी जेवण कमी.

परत आल्यावर बाइक तशीच झाकून ठेवू नका. ऑइल बदला, पॅडची जाडी बघा, प्रत्येक बोल्टला स्पॅनर लावून बघा, चेन ताणा, टायरच्या कडा कुठवर घासल्यात त्याचा फोटो काढा. आणि पुढच्या वेळेला एकच गोष्ट बदला, हवा बदलली तर गिअरिंग तसंच, गिअरिंग बदललं तर हवा तशीच, नाहीतर कशानं फरक पडला ते तिथल्या मेकॅनिकला पण सांगता येणार नाही.